कुणी हात लावायचा नाही

“हात लावायचा न्हाई कुणी! जो लावंल त्याची गाठ माझ्याशी हाय!”

हा आवाज मी आधी ऐकला. पडलंय कोण, ते नंतर कळलं.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका गोदामाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं माझा गाडा होता. सकाळी चहा-भजी, दुपारी झुणका-भाकरी. उन्हाळ्याचे दिवस, ऊन डोक्यावर आलेलं. मी पिठात हात घालून उभी होते. आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते ध्यानात येईना, कारण शेजारच्या गोदामातल्या आप्पण्णाला मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. तेवढ्यात टोळीतला म्हादू फाटकातून पळत बाहेर आला, माझ्याकडं बघितलं आणि रस्त्याच्या मधोमध थबकला. ते बघूनच मी स्टोव्ह बंद केला.

“वैनी, चला. दादा पडला.”

दादा म्हणजे आमचे हे. नाव एकदाच घेते, बाबासो. त्या गोदामातल्या हमालांच्या टोळीचे मुकादम. फ्रीज, कपाटं, कपडे धुण्याची मशिनं असला माल मोठ्या कंटेनरमधून तिथं उतरायचा आणि छोट्या टेम्पोंतून गावोगावच्या दुकानांत जायचा. कंटेनर माणसाच्या छातीइतका उंच. माल उतरवायला ओटा असावा लागतो, तो तिथं बांधलाच नव्हता. कंटेनरच्या तोंडाला एक लांब लाकडी फळी टेकवायची, पाठीला पट्टा लावून माल घ्यायचा आणि फळीवरनं जपत खाली यायचं. हे पुढं, बाकीचे मागं. अशीच सगळ्यांची वर्षं निघाली होती.

मी आत गेले तर हे कंटेनरच्या मागं फरशीवर उताणे पडलेले. बाजूला धुण्याचं मशीन, खोका फाटून आडवं झालेलं. फळी मधूनच मोडून तिचे दोन तुकडे दोन दिशांना. भोवती सगळी टोळी. आणि ह्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून आप्पण्णा बसलेला. ह्यांचं डोकं त्यानं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं होतं.

नवरा पडला ह्याची भीती होतीच, पण ह्यांचं डोकं आप्पण्णाच्या हातात बघून दुसरीच भीती वाटली. कारण ह्या दोघांचं वैर साऱ्या एमआयडीसीला ठाऊक होतं.

आप्पण्णा जत तालुक्यातला, कानडी मुलखाच्या कडेचा. आधी ह्यांच्याच टोळीत होता. सादाच माणूस, पण फळीच्या बाबतीत फार चिकित्सक. रोज सकाळी ती उलटीपालटी करून बघायचा. एक दिवस म्हणाला, फळीला चीर गेलीय, मी हिच्यावर पाय ठेवणार नाही आणि तुम्हालाही ठेवू देणार नाही. म्हणाला आणि फळीवर आडवा झोपला. गोदामवाल्यांनी त्या दिवशी दुसरी टोळी बोलावली आणि आमच्या माणसांना हात हलवत घरी जावं लागलं. ह्यांनी फाटकात, सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडात भडकावली. वर म्हणाले, “भ्या वाटत असलं तर बांगड्या भर!” मी हातभर बांगड्या घालून समोरच भजी तळत होते. आप्पण्णानं ह्यांच्याकडं बघितलंही नाही, खांद्यावरचा पट्टा काढून खाली ठेवला आणि गेला. शेजारच्या पेंडीच्या गोदामात कामाला लागला. फळी मात्र तीच राहिली. तेव्हापासून टोळीनं त्याचं नावच ‘फळी’ पाडलं होतं. तो रस्त्यानं निघाला की पोरं ओरडायची, “आली रे आली, फळी आली!” हेही हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसले असेन.

तर तो आप्पण्णा. अंगावर पेंडीचा भुसा तसाच, आवाज ऐकून कुंपणावरनं उडी टाकून आला असणार.

मी खाली बसले. ह्यांचे डोळे उघडे होते. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध होती. मला बघितलं आणि म्हणाले, “मालन, ह्याला आधी बाजूला कर. ह्यो कशाला आलाय? मजा बघाय?”

“काय हुतंय तुमास्नी?”

“पाठीत. पाठीत जाळ झालाय. उठवा मला.”

म्हादू आणि आणखी दोघं पुढं सरले. आप्पण्णा त्यांच्याकडं न बघताच ओरडला, “सांगितलं न्हवं एकदा? लांब!” मग वाकून ह्यांना म्हणाला, “मुकादम, पायाची बोटं हलवा.”

“तुझ्या बा...”

“शिव्या मागनं द्या. बोटं हलवा.”

ह्यांनी हलवली. डाव्या पायाची चांगली हलली, उजव्याची जराशी.

“बघा की!” म्हादू म्हणाला. “पाय हलत्यात. काय झालं न्हाई. घ्या रं उचलून, सावलीत तरी नेऊ.”

“हलत्यात म्हणूनच हात लावायचा न्हाई,” आप्पण्णा म्हणाला.

ह्या बोलण्याचा अर्थ तिथं कुणालाच लागला नाही. मलाही नाही. पाय हलतायत तर मग अडचण काय? कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. ती दुसऱ्या एका अपघाताला गेली होती, दुसरी लांबून निघत होती. येते, येते, एवढंच फोनवरनं कळत होतं.

तेवढ्यात माझे धाकटे दीर, सर्जेराव भावजी, गर्दी फोडत आले. त्यांचा स्वतःचा छोटा टेम्पो होता, माल भरायला तो फाटकाबाहेर रांगेत लावलेला. भाऊ पडलेला आणि भावाचं डोकं आप्पण्णाच्या हातात, एवढं बघितल्यावर त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

“सोड!”

“न्हाई सोडत.”

“सोड म्हणतोय न्हवं? वैनी, बाजूला व्हा. टेम्पो मागं घेतो. आत गाद्या हायत, त्यावर घालू. मिरज काय लांब हाय का?”

“टेम्पोत घालू नका,” आप्पण्णा म्हणाला. “फळीवर, पाटावर, सरळ ठेवून न्यायला पायजे. ॲम्ब्युलन्सवाल्यांकडं असतंय.”

“फळीच! मरेस्तवर फळीच ह्येच्या तोंडात!” भावजींनी पाय उचलला आणि त्याच्या खांद्यावर लाथ घातली. पाठोपाठ कानशिलात. ओठ फुटून रक्त आलं. आणि मी बघत होते, मार खाताना आप्पण्णाचं सगळं अंग हेलकावलं, पण कोपरापासून पुढचे हात हलले नाहीत. ह्यांचं डोकं होतं तसंच राहिलं.

मी भावजींचा हात धरला. का धरला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गोदामाचे मॅनेजर संकपाळ साहेब आले ते नेमके त्या वेळी. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. गर्दीला मागं सारत म्हणाले, “मारामारी कसली करताय? माणूस महत्त्वाचा. माझी गाडी घ्या. एसी लावून ठेवलाय. पाच जण मिळून अलगद उचला आणि फाटकाबाहेर आणा, गाडी तिथंच उभी आहे.”

खरं सांगते, त्या क्षणाला मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. साहेब आपली गाडी देतायत, ती पण हमालाला. आणि हा आप्पण्णा मात्र, तोंडातनं रक्त गळतंय तरी डोकं सोडायला तयार नाही.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे पाणी द्या, कुणी म्हणे पाणी नको, कांदा लावा नाकाला. कुणी म्हणे पाठ चोळा. कुणी म्हणे मिरजेला नको, सांगलीला न्या. म्हादू म्हणत होता, मागच्या साली अमुक असाच पडला होता, दोन दिवसांत गेला. ह्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, आणि हे ह्या तोंडाकडनं त्या तोंडाकडं नजर फिरवत सगळं ऐकत होते. मान फिरवायला जात होते आणि आप्पण्णाचे तळवे ती फिरू देत नव्हते, म्हणून आणखी चिडत होते. “सोडव की गं मला,” म्हणत होते.

“आप्पण्णा,” मी म्हणाले, “तू कशावरनं म्हणतोस उचलायचं न्हाई? डॉक्टर हायस? काय झालंय काय तुझ्या मनात?”

त्यानं तोंड अगदी माझ्या कानाशी आणलं. आणि इतक्या हळू बोलला की मलाच कष्टानं ऐकू आलं.

“वैनी, सांगतो. पर आत्ता न्हाई. ह्यो ऐकतोय.”

एवढंच.

मी त्याच्याकडं बघितलं. मग वर, बाकीच्या तोंडांकडं. सगळे ह्यांच्या छातीवरनं, डोक्यावरनं बोलत होते, जसं मधे माणूस नाही, पोतं पडलंय. न्यायचं कसं, घालायचं कशात, मागच्या साली कोण गेला. ह्यांना ऐकू जातंय, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या आप्पण्णाच्या ध्यानात होतं. ज्यानं फाटकात मार खाल्ला होता, त्याच्या.

“काय करू?” मी विचारलं.

“डोकं तुमच्या हातात देतो. माझ्या हातात त्यो तडफडतोय, तुमच्यात थारंल. इथं बसा. असं धरा, कानावर तळवे. कोपरं जमिनीला टेकवा. काय बी झालं तरी मान वळू द्यायची न्हाई. मी बाकीच्यांकडं बघतो.”

मी त्याच्या जागी बसले. त्याच्या हाताखालनं हात घातले. त्यानं एक एक बोट करून आपले हात काढले. मग मी वर बघून म्हणाले, “भावजी, साहेब, सगळ्यांनी ऐका. माझ्या नवऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

“वैनी, तुमी त्या फळीचं ऐकताय?”

“व्हय.”

“दादाला काय झालं तर?”

“तर माझ्या कपाळाला. तुमच्या न्हवं.”

भावजींनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. दोन पावलं लांब गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांना एका जागी उभं राहवेना. मलाही राहवत नव्हतं, पण मला हलायची सोय नव्हती.

आप्पण्णानं माणसांना काम लावलं. “ऊन तोडा. ताडपत्री आणा, चौघांनी धरा.” ज्यांना उचलायची घाई होती तेच चौघं मग ताडपत्री धरून उभे राहिले. हाताला काम मिळाल्यावर तोंडं जरा थांबली. म्हादूला त्यानं फाटकाबाहेर रस्त्यावर उभं केलं, ॲम्ब्युलन्स चुकू नये म्हणून. आणि स्वतः ह्यांच्या पायाशी बसला. मधूनमधून म्हणायचा, “मुकादम, बोटं.” हे शिवी द्यायचे आणि बोटं हलवायचे.

वेळ कसा गेला ते मला विचारू नका. फरशी तापलेली, गुडघ्यांना चटके. माझ्या तोंडाखाली ह्यांचं तोंड, पण उलटं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. कपाळावर माशी बसायची आणि मला ती हाकलता यायची नाही, मी फुंकर घालायची.

“पाणी दे.”

“न्हाई देता येत. ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं पायजे म्हणतोय.”

“कोण म्हणतोय? त्यो? एक घोट दे.”

मी एकाला त्याच्या बाटलीतल्या पाण्यानं माझ्या पदराचं टोक भिजवायला लावलं आणि आप्पण्णानं ते ह्यांच्या ओठांना लावलं. ह्यांनी ते दातांत धरून चोखलं, लहान मुलासारखं. मग म्हणाले, “मालन, तू माझी बायको हायस का वैरीण?”

मी त्यांच्या कपाळावरची माशी फुंकरीनं उडवली.

“मला मारायला बसलायसा तुमी दोघं. साहेब गाडी देतोय, भाऊ टेम्पो देतोय, आणि तू... सोड माझं डोकं!”

त्यांनी हिसका दिला. माझे हात त्या हिसक्यानं सुटले असते. मी कोपरं फरशीत रोवली आणि धरून ठेवलं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या कपाळावर पडलं. ते हिसके द्यायचे थांबले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत ह्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. “बोला की काय तरी,” मी म्हणाले, “शिव्या द्या, पर बोला.”

खाली वाकलेली असल्यामुळं मला फक्त पाय दिसत होते. माणसांच्या चपला, ताडपत्रीची सावली. आणि पांढरे बूट. ते बूट माझ्या मागं, कंटेनरच्या चाकापाशी थांबले होते आणि साहेब वॉचमनला हळू आवाजात म्हणत होते, “ॲम्ब्युलन्स आत घ्यायची नाही. फाटकाबाहेर थांबव. विचारलं कुणी तर रस्त्यावर गाडीवरनं पडला म्हणायचं. आणि ते लाकूड उचल आधी, मागं बॉयलरकडं टाक.”

थोड्या वेळानं वॉचमनचे पाय आले आणि मोडलेल्या फळीचा एक तुकडा फरशीवरनं ओढला जायला लागला.

तेव्हा कळलं, एसी गाडी फाटकाबाहेर का उभी होती.

“भावजी!” मी ओरडले. “भावजी, ती फळी! ती फळी न्यायलेत, जाळायला. त्यास्नी ह्ये रस्त्यावर पडले म्हणायचं हाय!”

सर्जेराव भावजींना मघापासून कुणावर तरी तुटून पडायचं होतंच. ते वॉचमनच्या अंगावर गेले. हाणामारी झाली नाही, वॉचमन गरीब होता, त्यानं लाकूड सोडून दिलं. भावजींनी दोन्ही तुकडे उचलले, टेम्पोत टाकले, वर स्वतः बसले आणि साहेबांना म्हणाले, “आता घ्या कुणाला घ्यायची ती.” बूट गोदामाच्या ऑफिसकडं गेले. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. साहेब आपल्या एसी गाडीतनं निघून गेले होते.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा वॉचमननं फाटक सताड उघडं ठेवलं होतं. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टर मुलीनं, तरुणच होती, ह्यांच्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाली, “असंच धरून ठेवा मावशी, अजून सोडू नका.” मग मानेला पट्टा, बाजूला कडक फळी, आणि सगळ्यांनी एका वेळी, एका बोलावर, ह्यांना लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ कुशीवर घेतलं आणि फळीवर ठेवलं. तिनं सांगितल्यावर मी हात काढले. ते मिटेनात. बोटं तशीच वाकडी राहिली होती, मला ॲम्ब्युलन्समध्ये चढायला आप्पण्णानं कोपराला धरून आधार दिला.

मिरजेच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. फोटो उजेडावर धरून दाखवला, मला त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, “कमरेच्या वरचा मणका फुटलाय. हाडाचा तुकडा पायांकडं जाणाऱ्या नसांच्या अगदी कडेला येऊन थांबलाय. जरा इकडंतिकडं झालं असतं, कमरेत वाकवलं असतं, तर तो आत घुसला असता. ऑपरेशन करू. पाय वाचायची आशा आहे.” मग विचारलं, “उचललं कुणी ह्यांना तिथनं?”

“कुणीच न्हाई,” मी म्हणाले.

आप्पण्णा बाहेर बाकड्यावर बसला होता. ओठ सुजून टम्म झालेला. मी चहा आणला, त्याला पिता येईना. मी शेजारी बसले.

“आता सांग. आता ह्ये ऐकत न्हाईत.”

त्यानं कप दोन्ही हातांत धरला.

“माझा धाकटा भाऊ हुता. शिद्राम. आमी दोघं गुळाच्या अड्ड्यात हुतो, लई वर्सं झाली. ट्रकवर चढला हुता, फळी सरकली. असाच पाठीवर पडला. बोलत हुता, वैनी. हसत हुता. म्हणला, आण्णा, ढेप फुटली का बघ आधी. पायाची बोटं हलवून दाखवली मला. मी पळत रिक्षा आणाय गेलो.”

त्यानं कप बाकड्यावर ठेवला.

“रिक्षा लगेच मिळाली. मी किती खूश झालो. आलो तवर चौघांनी उचलला हुता. दोघांनी खाकंत धरलेला, दोघांनी पाय. मधनं कमरेत अशी झोळी झाली हुती. चांगली माणसं हुती ती. एक जण तर रडत हुता. रिक्षात बसवला. बसवला, वैनी. रस्त्यात मला म्हणला, आण्णा, माझं पाय कुटं गेलं?”

दवाखान्यातली गडबड चालूच होती. कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

“जगला पुढं. आईनं सांभाळला. पाठीला जखमा झाल्या, त्या भरल्याच न्हाईत, त्यातच गेला. डॉक्टरनं मला तवा सगळं सांगितलं, कसं धरायचं, काय करायचं. तवा सांगून काय उपेग?”

“हे फाटकात सांगितलं असतंस, ज्या दिवशी ह्यांनी मारलं त्या दिवशी...”

“कुणाकुणाला सांगणार? फळी चिरलीय म्हणून सांगत हुतो, तेवढं कुणी ऐकलं न्हाई.” मग म्हणाला, “मुकादमाला हे सांगू नका. चालाय लागंस्तवर. पडल्या पडल्या ध्यानात घेऊन बसंल.”

मी कबूल केलं.

तो त्यानंतर दिसला नाही. पेंडीचं गोदाम भर कामात सोडून आला म्हणून त्या शेठनं त्याला परत घेतलं नाही, आणि आमच्या गोदामवाल्यांनी त्याचं नाव साऱ्या एमआयडीसीत खराब केलं. गावाकडं शेरडं राखतोय, एवढं म्हादूकडनं कळलं. इकडं फळीचे ते तुकडे घेऊन भावजी हमालांच्या संघटनेत गेले. भांडण लांबलं, पण हे रस्त्यावर पडले असं कुणाला म्हणता आलं नाही. दवाखान्याचा खर्च गोदामानं भरला आणि तिथं सिमेंटचा ओटा झाला.

ऑपरेशन चांगलं झालं तरी हे बरेच महिने पडून होते. ओझं उचलायचं कायमचं संपलं. ते दिवस मला फार वाईट गेले. पडल्या पडल्या ह्यांचं एकच चालायचं. “पाणी मागत हुतो. घोटभर पाणी दिलं न्हाई हिनं. उन्हात भाजून काढलं. एका वैऱ्याच्या सांगण्यावरनं.” आल्या-गेल्याला सांगायचे. मी भाकरी थापत ऐकायची. कितीदा ओठांवर आलं, पण कबूल केलं होतं. आणि हे काठी धरून उठायचे, दोन पावलं टाकायचे, घाबरून बसायचे. त्या घाबरण्यात मी आणखी भर कशाला घालू?

मग एक सकाळ अशी आली की हे काठी विसरूनच नळापर्यंत गेले. चूळ भरली, तोंड धुतलं, मागं वळले तेव्हा काठी दाराशी दिसली. माझ्याकडं बघून हसले. मी तिथंच, अंगणात उभ्या उभ्या त्यांना शिद्रामचं सगळं सांगितलं. रिक्षा लगेच मिळाली, तेही.

हे नळाच्या कट्ट्यावर बसले. टॉवेल हातात तसाच. मग म्हणाले, “जतची एसटी कुठनं मिळंल?”

“आज? डॉक्टरनी धक्क्याचा प्रवास...”

“मधल्या सीटवर बसतो.”

जतच्याही पुढं, पार कानडी बोलीतलं गाव. रस्ता खडबडीत, प्रत्येक खड्ड्याला हे दात आवळायचे आणि मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला हात लावून बघायची. “चुकलो” म्हणायचं की नुसतं गप्प बसायचं, हे ठरत नव्हतं त्यांचं. दोनदा म्हणाले, “आल्या एसटीनं परत फिरू.”

आप्पण्णा घराच्या दारात शेरडांना पाला टाकत होता. आम्हाला बघून उभा राहिला. हे त्याच्या पुढं जाऊन थांबले. आप्पण्णाच आधी म्हणाला, “मुकादम, काठी कुठं हाय?”

“ऱ्हायली घरात.”

घोंगडं टाकून त्यानं आम्हाला बसवलं, तांब्या दिला. आतनं त्याची आई आली. वाळकी, ताठ, पांढऱ्या केसांची. मराठी तिला यायचं नाही. आप्पण्णा तिच्याशी कानडीत बोलला. त्यात एकदा ‘शिद्राम’ आलं. तिनं ह्यांच्याकडं बघितलं, आणि मग तोंडाकडं नाही, पायांकडं बघत राहिली. काहीतरी म्हणाली.

आप्पण्णानं मान खाली घातली. “नको त्ये मागती.”

“काय म्हणत्यात?” हे म्हणाले.

“जरा चालून दाखव म्हणती.”

हे भिंतीला धरून उठले. चपला घोंगड्यापाशीच राहिल्या. अंगणात त्या टोकाला शेरडांचं कुंपण होतं, तिथपर्यंत चालत गेले, वळले आणि परत आले. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. तिची नजर जमिनीवरनं त्यांच्या पावलांबरोबर जात होती.

“इन्नोम्मे,” ती म्हणाली.

“आणखी एकदा,” आप्पण्णा म्हणाला.

हे पुन्हा गेले, पुन्हा आले. तिला बोलायची गरजच पडली नाही, आपणहून तिसऱ्यांदा गेले. उन्हाचे चटके बसत होते, उजवा पाय जरा ओढत होता. मी उठायला लागले, तर आप्पण्णानं हातानं मला थांबवलं.

“साकू,” म्हातारी म्हणाली. तिच्या गालांवरनं पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. “साकू, साकू.”

पुरे म्हणत होती. एवढं कानडी आम्हा मिरजेकडच्या सगळ्यांनाच येतं, ह्यांनाही. पण हे थांबले नाहीत. कुंपणापर्यंत गेले, वळले. तेव्हा आप्पण्णा उठला आणि त्यांच्या शेजारनं चालायला लागला.